वारा नसण्याचा सराव

केळुसकर मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी
प्राचार्यांनी आकडे वाचून दाखवले:
सव्वीस वर्षं, विभागाची अकरा जेतेपदं,
विद्यापीठाच्या संघात एकोणीस मुली.
गुणवही माझ्या मांडीवर होती.
संघातली बारावी खेळाडू म्हणून मी आले,
बाकावरून फारशी उठलेच नाही,
मग पेन्सिल माझ्याकडेच राहिली.

आकडे बरोबर होते.
पहिलं पान मात्र त्यांनी उघडलं नाही.

पहिलं पान: एकसष्ट–नऊ.
मुंबईतलं बंद सभागृह, लाकडी जमीन
इतकी चकचकीत, की आम्ही दारातच चपला काढल्या.
वेंगुर्ल्यात आमचं मैदान जांभ्याचं,
पडलं की गुडघ्यावर माती कुठली आणि रक्त कुठलं
धुतल्याशिवाय कळायचं नाही.
रिंग एकच, उत्तरेची.
तिला दिवाळीत रंग, होळीपर्यंत पुन्हा गंज.
बाजारची जाळी टिकेना
म्हणून ख्रिस्तालीनच्या पप्पांनी
रापणीच्या दोऱ्याची विणून दिली,
एवढी घट्ट, की पहिलाच चेंडू आत अडकला.
"मासो गावलो," म्हणाले, आणि विडी पेटवली.

तर त्या दिवशी मुंबईत
आमचा प्रत्येक चेंडू डावीकडे पडत होता.
प्रत्येक. हातभर डावीकडे.
लोक आधी हसले, मग त्यांना आमची दया आली,
ते जास्त लागलं.
मॅडम शेवटपर्यंत हाताची घडी घालून उभ्या.
रात्रीच्या एसटीत कुणी कुणाशी बोललं नाही.
महाडच्या थांब्यावर, चहाचा ग्लास ओठाशी नेता नेता
त्या एकदम थांबल्या:
"अगो, थंय वारो नाय होतो!"

समुद्रावरून येणारा वारा
आम्ही नेमात धरून चाललो होतो, वर्षभर, नकळत.
तो नाही म्हटल्यावर
आमचं सगळं शिकणंच वाकडं ठरलं.

पुढच्या महिन्यात मॅडमनी
बंद पडलेल्या काजू कारखान्याचं गोदाम भाड्यानं घेतलं,
स्वतःच्या पगारातून, नवऱ्याला न सांगता.
खिडक्यांना गोणपाटं ठोकली.
आत काजूच्या तेलाचा उग्र वास, मार्चचा उकाडा,
आणि मॅडमची शिट्टी.
वारा नसण्याचा सराव, असं त्या म्हणायच्या,
आणि आम्ही गावात तसंच सांगायचो,
लोकांना वाटायचं योगासनं.
उन्हात मुली काळवंडतात ही तक्रार तेवढी मिटली.
मुमताज सोलकरच्या घरी त्या तीनदा चहाला गेल्या,
बास्केटबॉलचा विषय तिसऱ्या खेपेला काढला.

नंतरची पानं प्राचार्यांनी वाचलीच.
त्यात एक नव्हतं:
प्रणिता गिरप, सगळ्यात उंच, हात असे की
चेंडू तिच्याकडे स्वतःहून जायचा.
दुसऱ्या वर्षाला लग्न.
मॅडम अक्षता टाकून आल्या, जेवल्या नाहीत.
त्या मोसमात आम्ही एकही सामना हरलो नाही,
तरी मला म्हणाल्या, "हार एक. लिही."
लिहिली आहे. समासात, बारीक.

निरोपाला त्या दोनच वाक्यं बोलल्या.
गोदामाचं भाडं जूनपर्यंत भरलेलं आहे.
कुलूप अडकतं, चावी जरा उचलून फिरवायची.

संध्याकाळी सगळ्या मैदानावर गेलो,
साड्या, बुरखे, कडेवरची पोरं.
कुणीतरी चेंडू त्यांच्या हातात दिला.
सव्वीस वर्षांत त्यांना आम्ही नेम धरताना पाहिलं नव्हतं,
त्या फक्त सांगायच्या.
चष्मा काढून माझ्याकडे दिला,
रिंगकडे पाहिलंही असेल नसेल,
आणि चेंडू चक्क हातभर डावीकडे सोडला.

पुढचं वाऱ्यानं केलं.

जाळी गेल्याच आठवड्यात ख्रिस्तालीनच्या भावानं विणलेली,
बापासारखीच घट्ट.
चेंडू आत जाऊन तिथंच बसला.
क्षणभर सगळ्या गप्प.
मग कुणीतरी काठी आणायला धावलं.