सात किलो दोनशे

पाऊस इथे पडत नाही.
वाळवंट संपतं तिथे थेट समुद्र, आणि समुद्रावरून
रोज पहाटे धुकं चढतं, कमांचाका,
लेन्सवर येऊन बसतं न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.
मी ते मफलरच्या टोकानं पुसते.
ते पुन्हा बसतं.

धक्क्यावर नोल्फा मासे कापते आहे.
सुरीचा आवाज आधी येतो, मग ती दिसते,
मग तिच्यामागे रांगेत उभे असलेले ते,
मान आत ओढून, चोच छातीला टेकवून,
पेन्शनच्या खिडकीपुढचे म्हातारे जसे.
पेलिकन. गावात त्यांना कुणी पक्षी म्हणत नाही.
"आले का ते?" एवढंच विचारतात.

तीस वर्षं मी या गावाचे चेहरे काढले.
ओळखपत्राचे, लग्नाचे, पहिल्या दाताचे.
"हलू नका," म्हणायचे, आणि गाव हलायचं नाही.
एलेउतेरिओ तर इतका ताठ बसला होता
की त्या फोटोत त्याचा श्वास अजून अडकलेला आहे.
मग दुकान बंद झालं. आता ज्याचा त्याचा फोन.
मी पाखरांकडे वळले.
ती ऐकत नाहीत.

तुतवारांचा थवा लाटेच्या कडेकडेनं धावतो,
शिवणयंत्राची सुई धावावी तसा,
आणि सुई थांबते तेव्हा मी भलतीकडेच बघत असते.
कालवफोड्याची चोच इतकी लाल
की बाकीचा सगळा फोटो धुवून विटल्यासारखा वाटतो.
पाणकावळे पंख वाळत घालतात. त्यांच्या शिटेनं खडक पांढराफेक,
प्रकाश मोजताना दर वेळी मला फसवतो.

साथ आली त्या उन्हाळ्यात
मासेमारी खात्याचा एक मुलगा आला, ओसियेल.
पांढरा अंगरखा, डोळ्यांवर झाकण, आवाज मात्र शाळकरी.
"बाई, तुमच्याकडे चांगला कॅमेरा आहे म्हणे."
एकेकाचे दोन फोटो. एक वरून, एक चोचीचा.
शेजारी पट्टी ठेवायची, आकार कळावा म्हणून.
पट्टीखाली क्रमांकाची चिठ्ठी, चिठ्ठीवर खडा.
चौऱ्याऐंशीपर्यंत मी मोजले. पुढचे कॅमेऱ्यानं मोजले.
पहिल्यांदाच पाखरं माझं ऐकत होती.
एकही हललं नाही.

पैसे वेळेवर आले. त्यातून ही लेन्स घेतली.
नोल्फाला हे सांगितलेलं नाही.
तेव्हापासून जिवंत पेलिकन चौकटीत आला
की त्याच्या डाव्या बाजूला मला पट्टी दिसते,
सेंटिमीटरच्या रेघांसकट.

आज धुकं जरा विरळ होताना
रांगेतला मागचा एक, फाटक्या झोळीचा
(गळानं फाटली असणार, कडा जुन्या झाल्यात)
दोन उड्यांत कट्ट्यावर चढला
आणि थेट नोल्फाच्या वजनकाट्यावर उभा राहिला.
पावलं परातीत मावेनात. एक दुसऱ्यावर ठेवलं.
काटा थरथरला, मग ठरला.
नोल्फानं सुरी थांबवली, वाकून बघितलं.
"सात किलो दोनशे!" ती ओरडली. "कोण घेतंय?"
एलेउतेरिओ जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला,
"नको. हाडंच फार."

मी बटण दाबलं.

फोटो हललाय. पंख म्हणजे नुसता राखाडी फराटा,
नोल्फाचा हात अर्धा चौकटीबाहेर,
काट्याचा आकडा वाचता येत नाही,
वरच्या कोपऱ्यात धुक्याचा थेंब.
झोळीच्या भोकातून पलीकडचा समुद्र दिसतो,
तेवढाच काय तो स्वच्छ.
डावीकडे मी दोनदा बघितलं. तिथे बर्फाची पेटी आहे.

"आला का चांगला?" नोल्फा विचारते.
"हलला."
"मग दुसरा काढ की."

पण तो केव्हाच खाली उतरलाय
आणि एका मुंडक्यासाठी
कुरवाशी भांडतोय.