अर्धा गडी

आइसलंडच्या या टोकाला, आमच्या गावाखाली,
काळ्या वाळूत चार दगड पडलेत, कसेही.
त्यांना नावं आहेत:
लेचापेचा, अर्धा गडी, गडी, पुरा गडी.
पूर्वी म्हणे, ज्याला अर्धा गडीसुद्धा
कमरेएवढ्या कपारीवर ठेवता येत नसे
त्याला होडीत वल्हं मिळत नसे.
आता होड्यांना इंजिनं आहेत
आणि दगडांना पर्यटक.
ते फोटो काढतात, पाठ धरतात, निघून जातात.

बोग्ना माझ्या शेजारी उभी राहून
कॉडचे काटे काढते. चौदा वर्षं.
पोलंडची. वय एकावन्न.
उजवा खांदा कायम कुरकुरणारा.
फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर
रबरी बूट न काढताच ती खाली उतरली.
कशाला गं, विचारलं.
"बघून येते," म्हणाली.
बघून आली ती नख मोडून.

मग दर गुरुवारी.
अर्धा गडी तिला ओळख देईना.
तिनं त्याला चाचपलं, जशी अडलेली गाय चाचपतात,
शेवाळाच्या बाजूला बोटं शिरतील एवढी खोबण सापडली,
मांड्या कुठं टेकवायच्या ते कळलं.
दगड गुडघ्यापर्यंत यायचा
आणि तिथून धप्प.
गुडघ्यापर्यंत, धप्प.
मार्च संपला. वाळूत एक खळगा पडला होता,
भरती तो रोज बुजवायची.

वर रस्त्यावर म्हातारा स्टेनथोर
गाडीत हीटर लावून बसलेला असे.
बघायचा, थर्मासमधली कॉफी प्यायचा, बोलायचा नाही.
एका गुरुवारी त्यानं काच दोन बोटं खाली केली:
"दगड निसटत नाही, बाई.
तो निसटायच्या आधी तूच सोडतेस."
आणि काच वर.

बोग्ना तणतणत परत आली.
दुसऱ्या दिवशी तिची सुरी
माशावर नको तितक्या जोरात चालत होती.
"त्याला काय कळतंय! बसलाय उबेत!"
दुपारी मात्र, हातमोजे उतरवताना,
स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली,
"गुडघ्यापाशी कोणीतरी 'बस' म्हणतं.
आईच्या आवाजात."

पुढच्या गुरुवारी मीही गेले. थंडी होती, वारा नव्हता.
दगड गुडघ्यावर आला.
मला तिचा चेहरा दिसत होता,
'बस' ऐकू आल्याचं दिसलं.
ती थांबली.
सोडलं नाही, उचललंही नाही, नुसती थांबली.
नंतर तिनं सांगितलं ते असं:
'बस' म्हटल्यापासून हात खरोखर निसटेपर्यंत
मधे बरीच जागा होती.
आपल्याच घरात एक खोली,
पन्नास वर्षं कुलूप,
आणि आपण व्हरांड्यात झोपत होतो.

दगड कपारीवर टेकला तेव्हा
आवाजसुद्धा मोठा झाला नाही.
स्टेनथोरनं हॉर्न वाजवला नाही.
हेडलाइट एकदा लावून विझवले, इतकंच.

पुरा गडी तिनं अजून हलवलेला नाही.
हलणारही नाही, ती म्हणते, मी वेडी नाहीये.
पण सोमवारच्या मीटिंगमध्ये, मॅनेजरसमोर,
जिथं चौदा वर्षं ती भिंतीला टेकून उभी राहायची,
तिथं ती बोलली.
आमच्या भाषेत, विभक्त्यांची खिचडी करत,
मधेच अडली, लाल झाली,
आम्हाला वाटलं आता बसेल,
ती थांबली,
आणि वाक्य शेवटपर्यंत नेलं.

मी? मी दगडाला हात लावलेला नाही.
माझी कंबर, माझं वय, माझी कारणं.
पण काल लोणच्याच्या बीटची बरणी उघडत नव्हती.
एरवी मुलाकडे देते.
काल दिली नाही. धरून राहिले.
'बस' ऐकलं. धरून राहिले.
झाकण उघडलं नाही, खरं सांगते.
पण शेवटी हात निसटला तो निसटला म्हणून,
मी सोडला म्हणून नव्हे.
बरणी तशीच ओट्यावर आहे.
आज गुरुवार.