शून्य पॉइंट एक

लिटरला अठरा देणारी गाडी बारावर आली.
डॅशबोर्डवर पिवळं इंजिन पेटलं ते विझेना.
मी मोजणीदार.
आकडा घसरला की मला झोप लागत नाही.

सेलूत पाथरी रोडला, जिनिंगच्या भिंतीला टेकून
मकदूमभाईंचं गॅरेज.
सरकीची धूळ, टिनाखाली त्रेचाळीस अंश,
मडगार्डवर पसरलेलं जुनं पोतं,
माझ्या गाडीला चरे पडू नयेत म्हणून.

स्टिअरिंगखाली त्यांनी स्कॅनर खोचला.
शून्य पॉइंट एक.
शून्य पॉइंट एक.
"हे वरखाली नाचाय पाहिजे, मॅडम, नाडीवानी.
हे तर बसलंय."
सायलेन्सरच्या गळ्यात अंगठ्याएवढा ऑक्सिजन सेन्सर,
जळून उरलेल्या धुरात हवा किती ते सांगणारा;
तो एकच पालुपद धरून होता,
पेट्रोल कमी पडतंय, कमी पडतंय,
आणि ऐकणारा कॉम्प्युटर भोळा.
ओततोय.
"म्हणून पिऊ लालीय."

बदलून टाका, मी म्हटलं.
ते हसले.
"बांध हलवायच्या आधी
तुम्ही साखळी तपासता का नाही?"

संदिपान चिंधी घेऊन मागं गेला,
सायलेन्सरचं तोंड दाबून धरलं.
कुठं फुसफुस नाही.
वायर बोटांनी चाचपली. उंदराचा दात नाही.
मग फिल्टर काढून मकदूमभाईंनी
इंजिनच्या घशात स्प्रे मारला.
गाडी गुदमरली, घोगरली,
मागून काळा लोट आला,
आणि पडद्यावर
शून्य पॉइंट एक.

"मेलाय. आता खात्रीनं सांगतो.
जरा मागून वास घ्या बरं, कच्च्या पेट्रोलचा येतो का?"
मी वाकले. येत होता,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
तुम्हीच घ्या की, मी म्हणाले.
संदिपान उगाच पान्हा पुसत राहिला.

"मला येत नाही. दोन वर्षं झाली,
तापात गेला.
आधी रस्त्यावरनं गाडी गेली तरी सांगायचो,
प्लग का कॉइल का हेड.
म्हणून तर हा स्कॅनर. हप्ते चालूयत."

सेन्सर परभणीहून पाचच्या बसनं येणार होता.
दीड वाजला. मकदूमभाईंनी हात धुतले, डबा उघडला
आणि न बोलता संदिपानपुढं धरला.
त्रेचाळीस अंशात वरण टिकत नाही.
पोरानं नाक लावलं, क्षणभर थांबला,
मान हलवली.
मग ते जेवायला बसले.