तिसरी ओळ

महिन्याचा पहिला गुरुवार. लक्झेंबर्ग.
स्टेशनमागच्या गल्लीत एर्मेलिंडाबाईंची खानावळ, वरचा मजला.
पोर्तोच्या एका बिझनेस स्कूलचे आम्ही माजी विद्यार्थी,
कधी पंधरा, कधी सव्वीस,
आणि मी लुसीलिया, खजिनदार,
म्हणजे माणशी तीस युरो गोळा करणारी
आणि बिल्ल्यांचं खोकं सांभाळणारी.

बिल्ल्यावर तीन ओळी असतात.
पहिली नावाची, दुसरी बॅचची,
तिसरी कंपनीची. तिच्याकडेच सगळे आधी बघतात,
मग वर चेहऱ्याकडे, वेळ उरला तर.

खोकं बुटांचं आहे, बेचाळीस नंबरचं.
आत निघून गेलेल्यांचे बिल्ले:
जिनिव्हाला गेलेली ओतिलिया,
सिंगापूरला बढतीवर गेलेला आणि मग पत्ता न लागलेला व्हास्को,
आणि बर्नार्दिनो, जो कुठेच गेला नाही,
ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे दफनभूमीत आहे.
त्याचा बिल्ला मी दोनदा टाकायला काढला,
दोनदा परत ठेवला.

मार्चमध्ये तेल्मो म्हणाला,
"माझा नवा कर. तिसरी ओळ राहू दे."
"राहू दे म्हणजे? जुनीच ठेवू?"
"राहू दे म्हणजे राहू दे."
मी पुढे विचारलं नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि पलीकडच्या त्या काचेच्या टेकडीवर
लाख कुणाकडे आणि नुसती मूठ कुणाकडे,
खालून काही कळत नाही.

तरी तो येतो. तोच राखाडी सूट,
इस्त्री आता घरची, बाहीवर दोन दोन घड्या.
खारवलेला मासा मागवतो, वाइनला नको म्हणतो,
"गाडी आणली आहे."
गाडी जानेवारीतच गेली,
माझ्याच शेजाऱ्याने घेतली, रोज दिसते.
बरं की इथे ट्राम फुकट आहे.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक केस होती.
उत्तरेकडच्या गावातला बुटांचा कारखाना,
एकशे चाळीस कामगार, तीन वर्षं तोटा.
चालवावा की बंद करावा?
तेल्मो उठला, फळ्यापाशी गेला,
अकरा मिनिटांत त्याने तो बंद केला.
खडूसुद्धा मोडला नाही.
वर्गात सगळ्यांत जास्त गुण.

त्याचे वडील तिथेच चामडं कापायचे,
हे आम्हाला पदवीदानाच्या दिवशी कळलं.
हात मिळवताना एक बोट कमी लागलं.
"पोराने हिशेब बरोबर मांडला होता," ते म्हणाले,
आणि आमच्यासाठी आणलेल्या केकचा डबा
कुणाकडे द्यावा म्हणून इकडेतिकडे बघत राहिले.

आज नवा मुलगा आला, गॅस्पार, सल्लागार कंपनीतला.
मोजे चिकूच्या रंगाचे, उत्साह उतू जाणारा.
तेल्मोच्या छातीवरची रिकामी जागा वाचून
त्याने सरळ विचारलं, "आणि तुम्ही कुठे?"
काटे थांबले.
कुणीतरी पावाची टोपली उगाच सरकवली.
तेल्मोने मान खाली घालून स्वतःचा बिल्ला उलटा वाचला.
"मी? मी इथेच. दर पहिल्या गुरुवारी."
आम्ही हसलो,
साहेबाच्या विनोदाला हसतात तसं, जरा जास्त वेळ.

पैसे गोळा करताना मी त्याची खुर्ची ओलांडली.
वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही.
त्याने मला जिन्यात गाठलं.
पाचाच्या सहा नोटा, कपड्यांसारख्या सपाट.
"मोज."
"अरे, असू दे, पुढच्या..."
"खजिनदाराने मोजायचं असतं, लुसीलिया."
मोजल्या. मोठ्याने, एक ते सहा,
शाळेत मोजतात तशा.

मग त्याने बिल्ला काढला, खोक्यात ठेवला,
गेलेल्यांच्या गठ्ठ्यात नाही, वेगळा, कडेला.
झाकण लावताना अंगठ्याने कोपरा दाबून बघितला.
"चांगला पुठ्ठा आहे हा," म्हणाला.
"आता असा मिळत नाही."
आणि माझ्याआधी खाली उतरला,
ट्राम चुकू नये म्हणून जरा घाईने.