खाल्ल्या मिठाला

आमच्या शेड कार्डावर एकशे चौदा चौकोन.
डाळिंबी, अंजिरी, आमसुली, अबोली,
मोरपंखी, पोपटी, कोनफळी.
नावं सगळी रानातून उचललेली,
रंग सगळे निळ्या प्लास्टिकच्या ड्रमातून.
रानानं कधी पावती मागितली नाही.

वही मी लिहिते.
सूत दहा किलो. रंग तीनशे ग्रॅम.
सोडा दोन किलो.
मीठ सहा.
दहावीनंतर पहिल्यांदा वही हातात आली
तेव्हा मला वाटलं, तात्यांचा शून्य चुकला.
ते म्हणाले, मिठाशिवाय रंग सुताला धरत नाही, बाई.
पाहुणा दारात अवघडतो तसा रंग पाण्यातच अवघडतो,
मीठ त्याला हाताला धरून आत नेतं.

आत जातो तो रंग.
मीठ दारातूनच परत फिरतं,
मोरीतून चरीत, चरीतून ओढ्यात,
आणि आमच्या ओढ्याला नाव नाही,
विट्यात कुणाला विचारलंत तर
रंगाऱ्यांचा ओढा म्हणतील, हात झटकून.
पुढं तो येरळेला मिळतो. पाणी असलं तर.

आम्ही निराळी. नीळ मांडणारे.
पणजोबांच्या रांजणात चुना, गूळ, टाकळ्याचं बी,
वास असा की जावई जेवायला थांबत नसत.
तेव्हा ओढा निवळशंख होता म्हणतात.
मी पाहिला नाही.
पाहिलेलं कुणी उरलंही नाही.

मी पाहिला तो सोमवारी राणी कलरचा,
लग्नसराईत दोन-दोन दिवस हळदुल्या,
आणि एकदा, मोठी ऑर्डर फिसकटली तेव्हा,
थेट शाईसारखा.

मग नोटीस आली.
टाकी बांधली, तुरटी आली, कसलीशी पांढरी पूड आली.
रंग तळाशी बसला.
साहेबांनी बाटली उन्हात धरली,
बाटलीतून त्यांना पलीकडची बाभूळ दिसली,
काटे मोजता येतील इतकी.
त्यांनी सही केली.
तात्यांनी सगळ्यांना भडंग वाटलं.

खालच्या अंगाला गजरा मेटकरी.
तिची शेरडं आता ओढ्याकाठचे दगड चाटतात,
दगडांवर पांढरं फुटलंय.
शेरडं खूश आहेत.
कोथिंबीर मात्र तीनदा पेरली, तीनदा उगवली नाही.
ती भांडायला आली नाही.
तांब्या घेऊन आली, माझ्यापुढं धरला,
स्वच्छ पाणी, तळाची कल्हई दिसत होती.
"चाखून बघ," म्हणाली.
मी चाखलं.
"तुमचंच हाय."

माझी फी ह्या पाण्यातून गेली.
ताईचं लग्न, वरची खोली, माझी स्कूटी.
खाल्ल्या मिठाला जागावं, असं घरात शिकवलेलं.
मी जागले.
गजराबाईला काहीच बोलले नाही.
तांब्या धुऊन परत दिला,
त्याच पाण्यानं.

श्रावणात तात्यांना मिरजेला नेलं.
सिस्टरनं बोटाला चिमटा लावला,
मशीनवर आकडाच येईना.
दुसरं बोट. तिसरं.
चाळीस वर्षांची नखं, मुळापर्यंत निळी-काळी,
आतला लाल उजेड आरपार जाईना.
तिनं स्पिरिटनं घासली, पुन्हा घासली,
कापसाला काही लागलं नाही.
"रंग पक्का आहे," तात्या म्हणाले,
धाप लागलेली असतानाही जरा अभिमानानं.
शेवटी चिमटा कानाच्या पाळीला लागला.
ब्याऐंशी.

डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी
एका शब्दाखाली दोनदा रेघ ओढली: मीठ.
बंद.
तात्या हसले, मग खोकले, मग हसले.
मी खिडकीतून रिक्षा बघत राहिले.

आता वहीत एक रकाना वाढवलाय.
सूत, रंग, सोडा, मीठ,
आणि शेवटी, अरुंद जागेत: ओढ्यात.
कुणी सांगितलेलं नाही. कुणी तपासत नाही.
ह्या महिन्याचं मीठ चारशे ऐंशी किलो,
आलं तितकंच गेलं.
बेरीज आधी पेन्सिलीनं केली.
मग पेनानं गिरवली.