सब्जा

बिराजदार मॅडमनी हिप्परग्याच्या काठावर तीन जागा दाखवल्या.
काळी माती, वर बाभळीचा पाला, खाली कासवाची अंडी.
प्रत्येकीत बोटाएवढं एकेक यंत्र पुरलं
आणि वायर वर काढून दगडाखाली ठेवली.
"नरसूबाई, सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला
आकडा लिहायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

विडीच्या जुन्या पासबुकात मागची पानं कोरी होती.
हजारी पानं किती, तंबाखू किती,
त्याच्या पाठीमागं मी लिहायला लागले:
एकतीस. चौतीस. तेहेतीस.

"अंडं घालतं तेव्हा काहीच ठरलेलं नसतं," मॅडम म्हणाल्या.
"मधल्या दिवसांत माती तापली तर माद्या,
गार राहिली तर नर.
दीड-दोन अंशांचा खेळ."
मला हसू आलं.
त्यांना वाटलं, बाईला कळलं नाही.

अम्माला आधी पाच.
साखर पेठेत दोन खोल्या, एका खोलीत माग,
दारात मेनत्त पाय पसरून:
हिच्या अंगातच आग आहे, सगळ्या पोरीच होणार.
सहाव्या खेपेला तिनं कंबर कसली.
पहाटे सब्जा. दुपारी गुलकंद.
शेंगाची चटणी बंद, लसूण बंद, चुलीपुढं बसणं बंद.
रात्री पोटावर ओली चादर,
आपल्याच मागावरची, समोरासमोर दोन मोर.
मे महिन्यात, सोलापुरात,
अम्मा थंडीनं कुडकुडायची.

सहावी मी.

चैत्र सरला. पंपहाऊसची पायरी अनवाणी चढवेना.
भोयांच्या होड्या चिखलात कलल्या,
पाणी मागं सरकत सरकत
घरट्यांपासून हाकेच्या अंतरावर गेलं.
पस्तीस. छत्तीस.
मागच्या वर्षी अंड्याबाहेर आलीच नाहीत अशी अकरा पिल्लं
मॅडमनी बाटल्यांत घालून नेली होती.
अकराच्या अकरा मादी.
ऐकून पहिल्यांदा मनात काय आलं सांगू?
बघ मेनत्ते.
बघ, इथं तळ्यात कुणी सब्जा पाजत नाही.

"दरवर्षी असंच झालं तर?" मॅडमनी विचारलं,
मला नाही, पाण्याकडं बघत.
"म्हाताऱ्या नरांवर किती वर्षं काढतील?
कासव शंभर वर्षं जगतं म्हणतात लोक.
संपलेलं कळायलाही तेवढाच वेळ लागेल."

त्या दुपारी साडेसदतीस लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.
घरी गेले. पेटीतून चादर काढली,
मोरांचा रंग आता कुठला ते सांगता येत नाही.
तळ्यात बुडवली, पिळली,
तिसऱ्या घरट्यावर चार काटक्या रोवून ताणली.
चौघी गोण्या निवडत होत्या बांधावर, बघत राहिल्या.
थेंब मातीत पडत होते.
माती पीत होती.

आणि माझे हात मला ओळखीचे वाटले.
मेनत्तेचे.
तशाच फुगलेल्या शिरा, तसाच अंगठा,
काठ ओढून नीट करायची तीच सवय.
मी मागं सरले.
चादर काढावी म्हणून पुढं गेले.
पुन्हा मागं.

सात दिवस ओली केली. पासबुकात लिहिलंय,
खोटं लिहिलं नाही:
तिसरं घरटं, चौतीस, चादर आहे.
मॅडम रागावतील. रागावू देत.

एका पहाटे माती हलली.
बटणाएवढी डोकी, चिकटलेलं कवच,
नऊ का दहा, मोजेपर्यंत पांगली.
वरून बघून काही कळत नाही, मॅडम म्हणाल्या होत्या,
आणखी कितीतरी वर्षं कळणार नाही.
एक माझ्या चपलेवर चढलं, थांबलं,
उतरून पाण्याची वाट धरली.

बांधावरून राखणदार दस्तगीर ओरडला,
"ओ नरसूबाई, काय झालं?"

साठ वर्षांपूर्वी हाच सवाल
अम्माच्या खोलीबाहेर कुणीतरी विचारला असेल,
आणि आतून उत्तर यायला वेळ लागला असेल.

मी वायरचं टोक पुसलं.
एकतीस.
लिहिलं.