पायांची मोजणी

मंगळवार, संध्याकाळचे सात. टाउन हॉलचा हीटर खोकतोय.
इतिवृत्त मी लिहिते, बावीस वर्षं झाली,
आणि इतिवृत्तात खोकला लिहायचा नसतो.

विषय चौथा: जुनी रेल्वेवाट.
रूळ उखडले त्याला तीस वर्षं होऊन गेली.
खनिजाच्या वाघिणी ज्या मार्गाने सुपीरियर सरोवराच्या धक्क्याकडे जायच्या
तिथून आता स्नोमोबाइल जातात, उन्हाळ्यात एटीव्ही.
समितीवर सात खुर्च्या,
सातही इंजिनवाल्यांच्या.
माणसं वाईट नाहीत, हे इथे नमूद करते.
आडवी पडलेली झाडं तेच कापतात,
आणि गेल्या जानेवारीत माझी गाडी ओढ्यातून त्यांनीच ओढून काढली.

रॉजर थिबो अहवाल वाचतो.
वाटेखाली पुरलेल्या यंत्राने वर्षभरात मोजल्या
एकतीस हजार चारशे बारा गाड्या.
सायकली अकरा. घोडे चार, नाल असावेत.
पायी: शून्य.
यंत्राला लोखंड कळतं.
गुडघे कळत नाहीत.

तेव्हा लेम्पी हार्यू उठली.
वय एक्क्याऐंशी, घरी विणलेली टोपी, कॉफीचा मोठा डबा दोन्ही हातांत.
टेबलापर्यंत यायला तिला जेवढा वेळ लागला
तेवढ्यात रॉजरने घड्याळ दोनदा पाहिलं
(हे लिहिलं, मग खोडलं).
तिने डबा उपडा केला.

गोट्यांएवढ्या, गंजक्या, गडगडत सुटल्या,
नकाशांवरून, रॉजरच्या कागदांवरून, टेबलाच्या कडेवरून खाली.
लोहखनिजाच्या गोळ्या. वाघिणींतून सांडलेल्या,
त्या वाटेच्या खडीत अजून सापडतात.

"मे महिन्यात पुलाच्या कठड्याला डबा बांधला," ती म्हणाली.
"झाकणावर लिहिलं, पायाने आलात तर एक टाका.
हा सातवा. सहा गाडीत आहेत,
उचलायला कुणीतरी तरणं पाठवा."
किती आहेत, रॉजरने विचारलं.
"मी नाही मोजल्या. मोजणं तुमचं काम.
आम्ही तर कुणाच्या खिजगणतीतच नव्हतो."

नोरीन बोशां मागून म्हणाली, मी दोन टाकते,
एक माझी, एक घोडीची, तिचं मत वेगळं असतं.
वेड कडोट, वय तेरा,
अंधारात दोन मैल शाळेच्या बसपर्यंत चालतो,
इंजिनाचा आवाज आला की बाजूच्या बर्फात उडी.
त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, चाळीस तरी असतील माझ्या.
कधी कधी विसरलो.
उड्या किती, ते त्याला कुणी विचारलं नाही.

कर्ट सालो, खुर्ची क्रमांक पाच,
खाली वाकून एक गोळी उचलून बघत बसला.
"यातली एक माझी," म्हणाला.
"मशीन बंद पडलं होतं.
तिथे खाली नदी आहे. ऐकू येते."
कुणी काही बोललं नाही. हीटरही नाही.

ठराव: पायी, सायकल, स्की आणि घोडेवाल्यांना
मतासह दोन खुर्च्या.
बाजूने तीन, विरुद्ध चार.
कर्टचा हात विरुद्ध गेला. मी दोनदा पाहिला.

सुधारित ठराव: एक खुर्ची, मताशिवाय, वसंतापर्यंत. संमत.
लेम्पी म्हणाली, मताशिवाय खुर्चीला आमच्याकडे स्टूल म्हणतात,
आणि भिंतीकडची घडीची खुर्ची ओढत आणून
रॉजर आणि कर्टच्या मधोमध उघडली.
दोघांना सरकावं लागलं.

सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी संपली.
झाडू मीच मारते, त्याचे वेगळे पैसे नाहीत.
हीटरखाली एक गोळी सापडली, गरम.
घर माझं वाटेपासून तीन मिनिटांवर आहे,
बावीस वर्षांत त्या पुलापर्यंत मी एकदाही चालत गेलेली नाही.
ही कुणाच्या नावावर लिहू?
कोटाच्या खिशात टाकली.
गाडीची किल्लीही त्याच खिशात होती,
पार्किंगपर्यंत दोन्ही एकमेकींवर वाजत राहिल्या.